दयेची वही : जुन्या गोव्यातील सार्वजनिक औषधव्यवस्था

वसईच्या किल्ल्यात गेलेला आपल्यापैकी प्रत्येकजण मठांचे आणि चर्चचे अवशेष पाहून येतो. संत फ्रान्सिस झेवियर यांचा तेथे मुक्काम झाला होता याची आठवण काढली जाते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला त्याचीही चर्चा होते. परंतु त्याच तटबंदीच्या आत नगरसभेची वास्तू होती, आणि 'मिझेरिकॉर्दिया' या नावाच्या संस्थेचे प्रार्थनालय व रुग्णालयही होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ढासळलेल्या भिंतींना नाव विचारण्याची आपली सवय नाही. चारशे वर्षांपूर्वी या नगरात एखादा गरीब मनुष्य तापाने अंथरुणाला खिळला, तर त्याला औषध कोण देत असे, त्याचे पैसे कोण भरत असे आणि दिलेल्या औषधाची नोंद कोठे होत असे, हे प्रश्न म्हणूनच आपल्याला पडत नाहीत.

वसईतील ही व्यवस्था गोव्याच्या नमुन्यावर उभी राहिली होती. गोवे ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी. तेथील रुग्णालय, नगरसभा आणि औषधशाळा यांविषयी प्रवाशांनी, धर्मगुरूंनी व राज्यकर्त्यांनी बरेच लिहून ठेवले आहे. तेव्हा वसईच्या भिंतींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला जुन्या गोव्याकडेच जावे लागते. हे उत्तर निव्वळ अभिमानाचे नाही, निव्वळ खंतीचेही नाही. औषध ही दयेची बाब आहे तशीच ती चोख हिशेबाची व न्यायाचीही बाब आहे, हे या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

नगरसभा आणि दयामंडळ

आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे कायमचे जिंकून घेतले आणि लागलीच जखमी व आजारी सैनिकांसाठी रुग्णालयाची सोय केली. हेच पुढे 'राजेशाही रुग्णालय' म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच सुमारास नगराचा कारभार पाहण्यासाठी 'सेनादो दा कामरा', म्हणजे नगरसभा, स्थापन झाली. लिस्बनच्या नगरसभेला जे हक्क होते तेच गोव्याच्या सभेलाही देण्यात आले. तिच्यात सरदार घराण्यांतील सभासदांबरोबर कारागीर वर्गाचेही प्रतिनिधी बसत. बाजारातील वजने-मापे व दर तपासण्यासाठी स्वतंत्र अधिकारी असे.

नगरसभेच्या जोडीला उभी होती ती मिझेरिकॉर्दिया. पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने १४९८ साली लिस्बन येथे या दयामंडळाची स्थापना झाली आणि काही वर्षांतच पोर्तुगीज वस्ती असलेल्या बहुतेक प्रत्येक नगरात त्याची शाखा निघाली. या मंडळाचे वैशिष्ट्य असे की, ते धर्मगुरूंचे नव्हते, प्रापंचिकांचे होते. ख्रिस्तसभेने सांगितलेली चौदा दयाकार्ये, सात शारीरिक व सात आत्मिक, हाच त्याचा कार्यक्रम होता. भुकेल्याला अन्न, कैद्याची भेट, मृताला मूठमाती आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही कामे बंधूंनी आपसात वाटून घ्यायची असत. दरवर्षी २ जुलै रोजी, पवित्र मरियेच्या भेटीच्या सणाला, प्रमुखाची व कार्यकारी मंडळाची निवड होई. वर्षभर हाताळलेल्या पैशाचा हिशेब जुन्या मंडळाने नव्याकडे सोपवायचा, असा नियम होता.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. दया ही व्यक्तीच्या मनात उपजते, पण मनाच्या लहरीवर ती सोडली तर आज आहे आणि उद्या नाही. त्या काळच्या प्रापंचिकांनी दयेला वार्षिक निवडणूक, ठरावीक कामे आणि हिशेबाची वही दिली. मृत्युपत्राने आलेल्या देणग्या, भिक्षा आणि मिळकतींचे उत्पन्न या बळावर मिझेरिकॉर्दियाने मोठा व्याप उभा केला. आशियात मरण पावलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता त्यांच्या मायदेशातील वारसांपर्यंत पोहोचविण्याचे कामसुद्धा विश्वासाने याच मंडळाकडे सोपविले जाई. ज्या संस्थेवर लोक आपला मृत्यूनंतरचा पैसा सोपवीत, तिच्या हिशेबाविषयी लोकांना काय वाटत होते हे वेगळे सांगायला नको.

रुग्णालयातील फेरी

१५४२ हे वर्ष या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ६ मे रोजी नवा गव्हर्नर मार्तीम आफोन्सो द सोझा याच्याबरोबर फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचले. पोपचा प्रतिनिधी म्हणून त्यांना मोठ्या निवासस्थानी राहता आले असते. पण त्यांनी राजेशाही रुग्णालयातच मुक्काम केला. दिवसा रुग्णांची सेवा आणि रविवारी नगराबाहेरील सेंट लाझरसच्या कुष्ठरोग्यांत मिस्सा, असा क्रम त्यांनी स्वतःच पत्रातून युरोपातील बंधूंना कळविला आहे. त्याच वर्षी राजेशाही रुग्णालयाचा कारभार मिझेरिकॉर्दियाकडे सोपविण्यात आला. खर्च राजाच्या खजिन्यातून आणि व्यवस्था नागरिकांच्या मंडळाकडे, अशी ती वाटणी होती.

अशा रुग्णालयात औषध देण्याची पद्धत कशी असे? याचा मूळ नमुना लिस्बनच्या 'सर्व संतांचे रुग्णालय' या संस्थेचा. तिच्या १५०४ च्या नियमावलीप्रमाणे औषधकाराने वैद्याबरोबर प्रत्येक खाटेपाशी जायचे, वैद्य सांगेल ते औषध तेथल्या तेथे लिहून घ्यायचे आणि त्याबरहुकूम तयार करून द्यायचे असे. आज आपल्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्यात सार्वजनिक औषधव्यवस्थेचे सारे तत्त्व साठविलेले आहे. कोणत्या रुग्णाला काय सांगितले हे लिहिले गेले, की काय दिले हे विचारता येते; आणि काय दिले हे विचारता आले, की कोठीत काय उरले तेही तपासता येते. ज्याला विचारणारे कोणी नसते अशा गरिबासाठी ही वहीच वकिलाचे काम करते.

येशूसंघाने १५९१ पासून राजेशाही रुग्णालयाचा कारभार कायमचा हाती घेतला. त्यानंतरच्या काळातील एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी मालदीव बेटांजवळ जहाज फुटून अडकला होता. अनेक हालअपेष्टा सोसून १६०८ साली तो कैदी म्हणून गोव्यास आला आणि आजारी असल्याने त्याला थेट याच रुग्णालयात नेण्यात आले. राजवाडा वाटावी अशी ती इमारत, स्वच्छ चादरी, चिनी मातीच्या ताटल्या आणि चांदीची भांडी पाहून तो थक्क झाला. जगात यापेक्षा चांगले रुग्णालय नसावे, असे त्याचे मत झाले. वैद्य, शल्यविशारद आणि औषधकार सकाळी आठच्या व दुपारी चारच्या सुमारास, दिवसातून दोनदा, रुग्णांकडे फेरी मारीत, असे तो सांगतो. पिरार हा पोर्तुगिजांचा मित्र नव्हता. त्यांच्या अनेक दोषांवर त्याने कडक टीका केली आहे. म्हणून त्याच्या या प्रशस्तीला वजन आहे.

औषध येते कोठून?

फेरी नियमित झाली, वही लिहिली गेली, तरी कोठीत औषध असायला हवे. येथे गोव्याच्या व्यवस्थेपुढे एक फार मोठी अडचण होती. युरोपातील वैद्याने शिकलेली औषधे लिस्बनहून जहाजाने येत. प्रवास सहा महिन्यांचा, कधी त्याहून अधिक. विषुववृत्त ओलांडताना उष्म्याने आणि दमट हवेने काढे, मलम, सुकवलेली मुळे यांची काय अवस्था होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. बरे, ज्या रोगांनी लोक येथे मरत होते, ते रोग युरोपच्या ग्रंथांत धड वर्णिलेलेही नव्हते.

१५४३ साली गोव्यात एक भयंकर साथ आली. इतिहासकार गास्पार कोरैया याने तिचे वर्णन केले आहे. माणसे काही तासांत दगावत. गव्हर्नरने एका मृतदेहाची चिरफाड करून वैद्यांकडून तपासणी करविली. तरी कारण सापडले नाही. शेवटी लोकांचा धीर खचू नये म्हणून मृतांसाठी चर्चची घंटा वाजविण्यास बंदी करण्यात आली. हा रोग म्हणजे पटकी. आपले लोक त्याला 'मोडशी' म्हणत, आणि हाच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशीं' झाला. फ्रेंचांनी त्याचे आणखी रूपांतर करून आपल्या भाषेत 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होईल असा शब्द बनविला. मराठी-कोकणी बोलीतला एक साधा शब्द असा वैद्यकाच्या इतिहासात जगभर फिरला.

या रोगाचे वैद्याच्या दृष्टीने लिहिलेले वर्णन आढळते ते गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात. हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता व त्याच्यावर त्याने उपचारही केले. मुंबईचे बेट काही वर्षे त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचे त्याला कौतुक होते. भारतातील औषधींविषयीचे त्याचे 'संवाद' १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाले. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक होय.

ऑर्ताचे मोठेपण असे की, तो पुस्तकांतील पूर्वसूरींपेक्षा बाजारातील वैदूला अधिक विचारी. त्याच्या संवादांत आंतोनिया नावाची दासी झाडपाला आणून दाखविते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन शंकेचे समाधान करतो. मोडशीवर स्थानिक लोक मिरे व जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हे त्याने टिपून ठेवले आहे. रक्ती आवेवरील एका मलबारी झाडाच्या सालीचे गुण त्याने सांगितले. अभ्यासकांच्या मते हे झाड म्हणजे आपल्या रानातला कुडाच. चीनहून येणाऱ्या चोपचिनीची माहितीही त्याने दिली. १५६७ साली या ग्रंथाचा लॅटिन सारांश क्लुसियस याने काढला आणि युरोपभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

औषधव्यवस्थेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जे औषध दुरून येते ते महाग, जुने आणि अनिश्चित. जे परसात उगवते त्याचे गुण पारखून घेतले तर तेच गरिबाला पुरते. ऑर्ताने ही पारख केली. परंतु त्याचा शेवट काय झाला? तो यहुदी वंशातून आलेला 'नवा ख्रिस्ती' होता. १५६८ साली तो मरण पावला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला जाळण्याची शिक्षा दिली, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्याने या भूमीच्या औषधींना जगात नाव मिळवून दिले, त्याच्या अस्थींना याच भूमीत विसावा मिळाला नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान वाचताना मान खाली घालावी लागते, आणि ती घातली पाहिजे.

नगरसभेचे नियमन आणि पंडित वैद्य

त्या काळच्या पोर्तुगीज कायद्याने औषधविक्रीवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी 'फिझिको-मोर', म्हणजे मुख्य वैद्य, याच्यावर टाकली होती. १५२१ च्या नियमावलीप्रमाणे व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांची परीक्षा घेणे आणि औषधांच्या दुकानांची तपासणी करणे ही त्याची कामे. गोव्यातही हे पद निर्माण झाले. पण गोव्यातील बहुसंख्य लोकांवर उपचार करीत ते येथील हिंदू वैद्य. पोर्तुगीज त्यांना 'पंडित' म्हणत.

या पंडितांविषयीचे राज्यकर्त्यांचे वर्तन मोठे विसंगत होते. १५६७ साली भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत, असे ठरविले. १५७४ साली ब्राह्मण वैद्यांनी नगरातून घोड्यावर किंवा पालखीत बसून फिरू नये, असा हुकूम गव्हर्नरने काढला. त्या हुकुमावरूनच कळते की, हे वैद्य घोड्यावरून आणि पालखीतून फिरत होते. त्यांना तेवढी मागणी आणि मिळकत होती. त्यांना बोलावणाऱ्यांत व्हाइसरॉय होते, मठांतील धर्मबंधूही होते. ताप चढला की मनुष्य धर्मपरिषदेचा ठराव उघडून बसत नाही. ज्याच्या हाताला गुण आहे त्याला बोलावतो.

१६१८ साली गोव्याच्या नगरसभेने या बाबतीत अधिक व्यवहारी वाट धरली. मुख्य वैद्याची परीक्षा दिल्याशिवाय कोणी उपचार करू नयेत आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये, असा निर्णय तिने घेतला. या निर्णयात भेदभाव आहे हे खरेच. तरी त्यातील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बंदी घालून जे थांबले नाही, ते परवान्याने मान्य करून देखरेखीखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. धर्मपरिषद तत्त्वावर बोलत होती; नगरसभेला मात्र रोज सकाळी उठून नगर चालवायचे होते. स्थानिक सत्तेचे हे बळ असते की, दाराशी आलेला आजारी मनुष्य तिला नाकारता येत नाही.

दाराबाहेर राहिलेले

पिरारने वाखाणलेल्या त्या चांदीच्या भांड्यांतून कोणाला जेवण मिळत होते, हा प्रश्न आता विचारायला हवा. राजेशाही रुग्णालय हे राजाच्या सैनिकांसाठी होते. तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि येथील एतद्देशीयांनाही नव्हता, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. म्हणजे ज्या बाप्तिस्म्याने सर्व एक होतात असे प्रवचनात सांगितले जाई, त्या बाप्तिस्म्यानेही रुग्णालयाचा दरवाजा उघडत नसे. आपल्या पूर्वजांपैकी कोणी त्या काळी गोव्यात आजारी पडला असता, तर त्याला त्या राजवाड्याची पायरी चढता आली नसती.

ही उणीव ज्यांच्या लक्षात आली त्यांत झेवियरांचे सहकारी फादर पाउलो यांचे नाव घेतले पाहिजे. 'मिसेर पाउलो' या नावाने ते ओळखले जात. झेवियर पुढे मच्छीमार किनारा, मलाक्का, जपान असे फिरत राहिले. फादर पाउलो मात्र गोव्यातच राहिले. सेंट पॉल महाविद्यालयाजवळ एतद्देशीय गरिबांसाठी त्यांनी रुग्णालय चालविले. तेथे चिनी मातीच्या ताटल्या नव्हत्या. १५६० साली ते निवर्तले. हे रुग्णालय पुढे साष्टीत हलविण्यात आले. इतिहासाने झेवियरांना संतांत बसविले आणि ते योग्यच झाले. परंतु एका जागी राहून रोज त्याच खाटांपाशी जाणाऱ्या माणसाची आठवणही समाजाने ठेवायला हवी.

वही बंद पडते तेव्हा

सतराव्या शतकात गोव्याला उतरती कळा लागली. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत एकट्या राजेशाही रुग्णालयात सुमारे २५,००० सैनिक मरण पावल्याचे सांगितले जाते. हा आकडा वाचून सुन्न व्हायला होते. इतके वैद्य, औषधकार, दिवसातून दोन फेऱ्या, आणि तरी इतके मृत्यू! कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. नगरातील विहिरींचे पाणी दूषित झाले होते, दलदलीत हिवताप माजला होता. ज्या पाण्याने मोडशी होते तेच पाणी रुग्णाला पाजून औषधाने तो बरा होणार नव्हता. शुद्ध पाणी हेच पहिले औषध आणि ते पुरविणे हे नगराचे काम, हा धडा त्या काळी कोणाला उमगला नाही. त्याची किंमत म्हणून अखेर नगरच सोडावे लागले.

त्यातच कारभार सैल झाला. १६४१ आणि १६४८ साली गोव्यात येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए लिहितो की, एके काळी साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेल्या या रुग्णालयाची व्यवस्था बदलल्यापासून रुग्णांचे हाल होतात. आत गेलेले बरेचसे युरोपीय बाहेर निघतात ते थडग्याकडे जाण्यासाठीच. तहानेने व्याकूळ झालेल्या रुग्णाला घोटभर पाणी हवे असेल तरी सेवकाच्या हातावर गुपचूप काही ठेवावे लागते. पिरारची चाळीस वर्षांपूर्वीची साक्ष आणि ही साक्ष शेजारी ठेवून पाहावी. इमारत तीच, खजिना त्याच राजाचा. मधल्या काळात हरवली ती देखरेख. औषधव्यवस्था एका रात्रीत कोसळत नाही. प्रथम नोंद राहून जाते, मग नोंद नसलेल्या वस्तूला पाय फुटतात, आणि शेवटी जे फुकट मिळायचे ते विकत घ्यावे लागते.

याच तावेर्निएने आणखी एक गमतीची गोष्ट नमूद केली आहे. वारंवार रक्त काढून पांढरेफटक पडलेल्या रुग्णांचा वर्ण परत यावा म्हणून त्यांना बारा दिवस रोज तीन पेले गोमूत्र पाजीत! धर्मपरिषदेने दरवाजातून बाहेर काढलेले पंडितांचे वैद्यक खिडकीतून कसे आत आले होते, याचा हा पुरावा.

त्याच काळात सेंट पॉलच्या येशूसंघीय औषधशाळेची कीर्ती मात्र वाढत होती. गास्पार आंतोनियो या फ्लॉरेन्सच्या बंधूने तयार केलेला 'गोव्याचा खडा' जगप्रसिद्ध झाला. मोती, माणिक, पाचू, पोवळे, कस्तुरी, अंबर इत्यादी द्रव्यांची ती गोळी सोन्याचा वर्ख लावून जाळीदार सोनेरी डबीतून विकली जाई. ताप, विषबाधा, सर्व काही तिने बरे होते अशी समजूत होती. युरोपातील धनिक तिला सोन्याहून अधिक मोल देत. आज या डब्या परदेशांतील वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात. तिच्या विक्रीतून मिळालेला पैसा सेवाकार्याला उपयोगी पडला असेल, हे मान्य. तथापि कुड्याची साल आणि गोव्याचा खडा यांत गरिबाच्या कामाचे काय होते, हे सांगायला वैद्य लागत नाही. कुड्याच्या सालीला सोन्याची डबी कोणी केली नाही. मात्र रक्ती आव थांबविण्याचा गुण होता तो तिच्यातच.

पुढचा काळ आणि आपण

१७५९ साली पोर्तुगीज राज्यातून येशूसंघाची हकालपट्टी झाली आणि त्यांच्या औषधशाळा बंद पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले पाठ एकाएकी अनाथ झाले. संस्था जेव्हा केवळ एका संघाच्या खांद्यावर उभी असते, तेव्हा त्या संघाबरोबर तीही जाते. नगराने तिला आपली मानलेले असेल तरच ती टिकते. राजधानी पणजीला हलली आणि तेथे १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले. औषधनिर्मितीचे शिक्षणही तेथे दिले जाऊ लागले. राजेशाही रुग्णालयात ज्यांना खाट मिळत नव्हती त्यांचे नातूपणतू या विद्यालयातून वैद्य आणि औषधकार होऊन बाहेर पडले, व मुंबईपासून आफ्रिकेपर्यंत त्यांनी लोकांची सेवा केली. इतिहास कधी कधी असा न्याय करतो.

या जुन्या गोष्टी आज सांगण्याचे प्रयोजन काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. थोडी, पारखलेली आणि परवडणारी औषधे सर्वांना मिळावीत, हे तिचे सूत्र. आपल्या राज्यघटनेत १९९२ साली झालेल्या दुरुस्तीने अकरावे परिशिष्ट जोडले गेले. पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत तेविसावा विषय आहे तो आरोग्य व स्वच्छता. रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने त्यात येतात. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या परिशिष्टातही सार्वजनिक आरोग्याचा समावेश आहे. म्हणजे गावातील दवाखान्याच्या कपाटात औषध आहे की नाही, हा आता ग्रामस्थांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी विचारण्याचा प्रश्न झाला आहे.

तो न विचारल्यास काय होते याचे उदाहरण गोव्याइतके दूरचे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी आणि देखरेख या तिन्ही पायऱ्यांवरील दोष उघडे केले. तावेर्निएच्या काळात पाण्यासाठी हात ओला करावा लागे. येथे औषधच विष होऊन आले. दोन्ही ठिकाणी रुग्ण विश्वासाने खाटेवर पडला होता, आणि त्याच्या वतीने वही तपासणारे कोणी जागे नव्हते.

आपल्या समाजात दानशूरांची वाण नाही. पॅरिशमध्ये आरोग्य शिबिरे भरतात, औषधे वाटली जातात, धर्मभगिनींचे दवाखाने आडगावीही चालतात. या सर्वांविषयी कृतज्ञता आहेच. पण मिझेरिकॉर्दियाच्या बंधूंनी जे ओळखले होते ते आपणही ओळखावे. शिबिर एका दिवसाचे असते. मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला रोज गोळी लागते. ती रोजची गोळी नगरपालिकेच्या आणि पंचायतीच्या दवाखान्यातूनच मिळू शकते. तेव्हा ग्रामसभेत जाऊन औषधांच्या साठ्याची वही पाहायला मागणे हेसुद्धा चौदा दयाकार्यांत बसणारे काम आहे, असे मला वाटते. ते करताना टाळ्या मिळत नाहीत आणि वाईटपणाही येतो. बहुधा म्हणूनच ते करायला फारसे कोणी पुढे येत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी आपण सर्वजण जाणतो. वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाच्या जखमांवर त्याने तेल व द्राक्षारस ओतला, एवढे आपल्या लक्षात राहते. गोष्टीचा उरलेला भाग आपण घाईने वाचतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तो फेडण्याचे वचन दिले. दुसऱ्या दिवसाच्या औषधाची त्याने तरतूद केली, ती एका जबाबदार माणसाकडे सोपविली आणि हिशेब पाहायला आपण परत येऊ हेही सांगून ठेवले. घायाळ माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे मात्र त्याने विचारले नाही. जुन्या गोव्याला तेल आणि द्राक्षारस साधला, दोन दिनारही साधले. तो न विचारलेला प्रश्न साधला नाही, आणि पुढे परत येऊन हिशेब पाहणेही राहून गेले. वसईच्या किल्ल्यात पुन्हा जाणे झाले, तर मिझेरिकॉर्दियाच्या भिंतीपाशी क्षणभर उभे राहून आपण एवढे तरी आठवावे.